विषय : तीर्थन खोऱ्याचे पैसे घेऊन भुंतरच्या हायवेवर चार रात्री ठेवल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल दुपारी तुमच्या कस्टमर केअरशी सातव्यांदा बोललो. सातव्यांदा बुकिंग क्रमांक सांगितला, सातव्यांदा ‘तुमची गैरसोय समजू शकतो सर’ ऐकून घेतलं. आता लेखी देतो.

हिमाचलमधलं तीर्थन नदीचं खोरं कुठं आहे हे तुम्हाला सांगायला नको, विकता तुम्हीच. दिल्लीहून मंडीमार्गे कुलूकडं जाताना औटचा बोगदा लागतो. तीर्थनला जाणारी गाडी त्या बोगद्यात शिरत नाही, अलीकडंच वळून लारजीवरून बंजारकडं जाते. आमची बस सरळ बोगद्यात शिरली. मी महिनाभर नकाशा पाठ केला होता, त्यामुळं काय झालं ते तिथंच कळलं. पॅकिंग विभागातला आमचा पोरगा मागून विचारतो, "आपण चाललोय कुठं बे?" काय सांगणार?

उतरलो भुंतरला. विमानतळाचं गाव, मनालीच्या हायवेवरचं हॉटेल, खाली पंक्चरचं दुकान, सकाळी सहाला त्याचा कॉम्प्रेसर सुरू. तुमच्या पत्रकात होतं : ‘गुशैणीजवळ नदीकाठचं होमस्टे, जिथे फक्त पाण्याचा आवाज.’ पत्रक जपून ठेवलं आहे.

त्यात आठवडा कुठला, तर कुलूच्या दसऱ्याचा. आपला दसरा संपतो त्या दिवशी त्यांचा सुरू होतो आणि सात दिवस चालतो, हेही तुम्हाला माहीत असणार. आम्ही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कर्नाटक एक्स्प्रेसच्या स्लीपरने निघालो, म्हणजे ऐन गर्दीत जाऊन पोचलो. रघुनाथजींच्या रथाबद्दल, गावोगावच्या देवतांच्या पालख्यांबद्दल मला आदरच आहे. पण गर्दीच बघायची असती तर जानेवारीत घरासमोर सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा आहे, त्यासाठी दिल्ली ओलांडावी लागत नाही. आम्हाला शांतता हवी होती. नऊ जणांनी दीड वर्ष दरमहा ६०० रुपयांची भिशी लावून शांतता विकत घेतली होती. तुमच्याकडून.

आता कालच्या फोनबद्दल. तुमचा मुलगा आवाजावरून पंचविशीतला होता. मी विचारलं, पावतीवर तीर्थन आहे, ठेवलं भुंतरला, मग फरकाचे पैसे कधी देता?

"सर, रिव्हर व्ह्यू तर मिळाला ना?"

"ती बियास."

"हो सर, पण रिव्हरच ना?"

मी शांत राहिलो. माझी बायको साक्षीला आहे. म्हणालो, "दादा, तीर्थन लारजीला बियासला मिळते. मिळण्याच्या आधीचे पैसे दिलेत आम्ही."

मग त्याने मला होल्डवर टाकलं. अकरा मिनिटं बासरी ऐकली. परत आला तो कुणालातरी विचारून आला असावा, कारण आवाजात जोर होता. "सर, ‘तीर्थन’ हे पॅकेजचं नाव आहे. लोकेशन नाही."

मी पुन्हा विचारलं, वाटलं लाइन खराब आहे. त्याने पुन्हा तेच सांगितलं, सावकाश, जणू मला ऐकू कमी येतं. आणि वर विचारलं, "सर, तुम्ही सोलापूरचे ना? मग तिकडं थंड तर वाटलं असेल ना तुम्हाला?"

म्हणजे सोलापूरच्या माणसाला गार वारा लागला की त्याचे पैसे वसूल. तो नंतर आणखी एक वाक्य बोलला, "बजेट पॅकेजमध्ये एवढंच होतं सर." माणशी ८,७०० रुपये, नऊ जणांचे ७८,३००. तुमच्या हिशोबात बजेट असेल. आमच्या स्टोअरकीपर काकांनी त्यासाठी घरचा टीव्ही दुरुस्त करायचा ठेवला.

पॅकेजचं नाव, ठिकाण नाही, हे मी रात्रभर डोक्यात घोळवत होतो. साहेब, आम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी आणि टॉवेल बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. याचा अर्थ ‘सोलापुरी’ हे नुसतं नाव नाही, त्यामागे गाव आहे, माग आहेत, माणसं आहेत. कुठलीही चादर घडी घालून त्यावर ते नाव छापता येत नाही. उद्या तुम्ही आमच्याकडं शंभर चादरींची ऑर्डर दिली आणि मी गोणपाट पाठवून म्हणालो, ‘साहेब, सोलापुरी हे पार्सलचं नाव आहे,’ तर चालेल? चालत असेल तर कळवा, गोणपाट शिल्लक आहे.

टॉवेलचं निघालंच आहे तर सांगतो. तिघांत एक टॉवेल होता, तोही असा की पलीकडचं दिसावं. आमच्यातला प्रत्येक जण टॉवेल हातात धरून जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन ते, सांगतो. त्याचा आकडा लिहीत नाही, माझी जीभ विटाळते.

काका जानेवारीत निवृत्त होतायत. गुडघे दुखतात, डोंगर चढायचा नव्हता त्यांना. नदीकाठी खुर्ची टाकून बसायचं आणि परवाना काढून ट्राउटला गळ टाकायचा, एवढीच इच्छा. पत्रकात गळ, परवाना दोन्ही होतं. त्याऐवजी तुमच्या तिथल्या माणसाने त्यांना राफ्टिंगचं कूपन दिलं. साठीच्या गुडघ्यांना राफ्टिंग!

तिसऱ्या दिवशी आम्हीच ६,५०० रुपये देऊन टेम्पो ट्रॅव्हलर केली आणि गुशैणी गाठली. नदी खरंच आहे तशीच आहे. पाण्याखालचे दगड मोजता येतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली, काठावर बसलो, आणि एरवी डबा खाताना एकमेकांचं ऐकून न घेणारे आम्ही नऊ जण अर्धा तास काही बोललो नाही. काकांनी पॅन्ट दुमडून पाय पाण्यात सोडले. अंधाराआधी निघायचं होतं म्हणून त्यांना उठवावं लागलं. ते मला जमलं नाही, ड्रायव्हरने उठवलं. तुमच्यावरचा खरा राग तिथला आहे. चार दिवसांच्या जागी आम्हाला दोन तास मिळाले, तेही आमच्या पैशाने.

तीन वर्षांपूर्वी तुमच्याच कंपनीबरोबर कोकण केलं होतं, चांगलं केलं होतं. म्हणूनच ऑफिसात तुमचं नाव मी सुचवलं. आता डबा खाताना रोज ऐकतो.

मला हवं ते असं : निवासाच्या फरकाचे पैसे, गाडीचे ६,५०० रुपये, आणि ‘पॅकेजचं नाव आहे’ या वाक्याबद्दल काकांच्या नावे लेखी माफी. पंधरा दिवस देतो. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी जिथं राहतो तिथंच, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तारखेला तुम्ही यायचं. सोलापूर हे लोकेशन आहे, पॅकेज नव्हे, त्यामुळं दुसऱ्या गावात उतरून चालणार नाही. मे महिन्यात तारीख लागली तर थंड वाटतं का तेही बघता येईल.

पत्रक, पावती, गाडीचं बिल आणि टॉवेलचा फोटो सोबत जोडला आहे. बुकिंग क्रमांक सात वेळा दिलेला आहे, तुमच्याकडं असेल. फोन करू नये. जे काही असेल ते लेखी कळवावं.

नऊ जणांच्या वतीने,
डिस्पॅच विभाग, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर