स्क्रीन काळी आहे, पण कुठपासून काळी?

चि. अमेयास,
अनेक आशीर्वाद.

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. कॉम्प्युटरचा पंखा फिरतो, दिवा लागतो, स्क्रीन मात्र काळी. आणि दुकानदार फोनवरच म्हणाला, ‘फॉरमॅट मारावं लागेल, नाहीतर मदरबोर्ड गेला असेल.’ अरे, फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं, हा विंडोज बिघडल्यावरचा इलाज; आणि मदरबोर्ड ही वस्तू, सगळे भाग जोडणारी आतली मुख्य पाटी. पेटी न उघडता ज्याला दोन्ही एकदम सुचतात, त्याच्याकडे मशीन लगेच नेऊ नकोस. बाबांच्या मते व्हायरस आहे. पण त्यांच्या मते टीव्हीचा रिमोट चालला नाही तरी व्हायरसच असतो.

व्हिडिओ कॉलवर तू मोबाईल असा फिरवतोस की मला मशीन कमी आणि छत जास्त दिसतं. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. सावकाश वाच आणि समोर मशीन ठेवून एकेक कर.

आधी बघायचं ते हे, की अंधार नेमका कुठून सुरू होतो. बटण दाबल्यावर कंपनीचा लोगो दिसतो का? तू ते सांगितलंच नाहीस, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. लोगो येऊन मग काळं झालं तर पेटी, केबल, मॉनिटर बहुतेक ठीक आहेत आणि घोळ विंडोजचा आहे. लोगोच आला नाही, तर विंडोजचा अजून नंबरच लागलेला नाही. फॉरमॅट करून काडीचा उपयोग नाही.

आता कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघ. त्याचा छोटा दिवा लागतो-विझतो आहे? मग मशीन जागं आहे, फक्त चित्र तुझ्यापर्यंत पोचत नाही. दिवा मख्ख राहिला तर सुरुवातच अडकली असण्याची शक्यता जास्त.

तू मागच्या आठवड्यात खोली बदललीस, त्यामुळे माझा पहिला संशय मागच्या केबलवर आहे. तुझ्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारं कार्ड, आहे. पाठीमागे वर, यूएसबीच्या रांगेत एचडीएमआयचं, म्हणजे मॉनिटरच्या केबलचं, एक छिद्र असेल, ते मदरबोर्डचं. खाली आडव्या पट्टीवर दुसरं, ते कार्डाचं. कार्ड बसवलेलं असलं की वरच्यातून बहुतेक वेळा काहीच येत नाही. सामान लावताना हात पहिल्यांदा वरच्याच छिद्राकडे जातो. आपल्या चिपळूणच्या कॉम्प्युटर सेंटरवर शहाणीसुरती माणसं या एका गोष्टीसाठी रिक्षात कॅबिनेट घालून यायची, आणि मी केबल खाली लावून त्यांना चहा पाजून परत पाठवायचे. केबल काढल्यावर मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ उमटलं तर मॉनिटर जिवंत आहे. त्याच्या मेनूत इनपुट एचडीएमआयच निवडलंय ना, तेही बघ. मशीन चालू असताना काळ्या स्क्रीनवर तिरका टॉर्च मारायचा; पुसट चित्र दिसलं तर मॉनिटरची मागची लाईट गेली, कॉम्प्युटर बिचारा निर्दोष आहे.

तिथे काही सापडलं नाही तर कॅबिनेट उघड. प्लग भिंतीतून काढ, मग पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धर, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कधी कधी एवढ्यानेच मशीन ताळ्यावर येतं. प्लग निघालेलाच असू दे. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोट लाव, अंगावरची स्थिर वीज उतरू दे. ग्राफिक्स कार्डाला एसएमपीएसकडून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, येणारी सहा किंवा आठ पिनांची वायर असेल तर ती घट्ट आहे का बघ. टेम्पोच्या धक्क्यांनी ती सैल होते. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, झटका द्यायला पुरेशी वीज राहते.

मग रॅम, म्हणजे मशीनची तात्पुरती मेमरी, मदरबोर्डवर उभी बसवलेली पट्टी. पावसाळ्यात चिपळुणात आमचा निम्मा धंदा डीटीपीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर पत्रिका वगैरे जुळवण्याचा, आणि निम्मा रॅम पुसण्याचा असायचा. दमट हवेने पट्टीच्या कडेचे सोनेरी दाते मंद पडतात, संपर्क तुटतो, आणि मशीन पंखा फिरवत नुसतं बसून राहतं. लग्नपत्रिकांच्या घाईतही मी रॅमलाच आधी हात घालायचे. स्लॉटच्या टोकाची खिट्टी मागे ढकल, पट्टी कडेने धरून सरळ वर काढ. पांढऱ्या, मऊ खोडरबराने दाते दोन्ही बाजूंनी हलकेच पुस, कोरड्या सुती फडक्याने चुरा झटक. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते. बसवताना खाच जुळव आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी दाब, ‘टक’ आवाज येईपर्यंत. तुला वाटेल मदरबोर्ड तुटेल इतका जोर लागतो, तेवढा लागतोच. दोन पट्ट्या असतील तर एकेकीवर सुरू करून बघ, म्हणजे दोषी कोण ते कळेल. मशीन सारखं बीप-बीप करत असेल तर बहुतेक रॅमचीच तक्रार, पण प्रत्येक कंपनीची बीपची भाषा वेगळी असते, त्यावरून एकदम निकाल देऊ नकोस.

मदरबोर्डवर बटणासारखा गोल सेल दिसेल, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. प्लग काढलेला असताना तो पाचेक मिनिटं बाहेर ठेवून परत बसवला की बायॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंग मूळपदावर येतात.

आणि लोगो येऊन मग काळं होत असेल, तर पेटी उघडूच नकोस. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाब. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, नव्याने सुरू होतो, बीप ऐकू येतो. नुसता माऊसचा बाण दिसत असेल तर कंट्रोल-आल्ट-डिलीट करून टास्क मॅनेजर उघड आणि ‘रन न्यू टास्क’मध्ये एक्सप्लोरर डॉट ईएक्सई टाईप कर. तेही नाही जमलं तर लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद कर. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा आणतं. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ दाबून सेफ मोड, म्हणजे फक्त गरजेपुरतं विंडोज. तिथे चित्र नीट दिसलं तर नवा ड्रायव्हर किंवा नवा अपडेट काढून टाक. त्या वाटेवर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलुपाची, ४८ आकडी की मागितली तर घाबरू नकोस, ती बहुतेक तुझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडते. दुसऱ्या कुणाच्या मशीनवरून किंवा मोबाईलवरून बघ.

तुझे प्रोजेक्ट आणि ताईच्या लग्नाचे फोटो डिस्कवर आहेत, आणि स्क्रीन काळी झाली म्हणून डिस्क रिकामी होत नाही. शेवटी दुकानात न्यावंच लागलं तर आधी डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये, म्हणजे डिस्क यूएसबीने जोडायच्या डबीत, घाल आणि मित्राच्या लॅपटॉपवर सगळं उतरवून घे. तिथेही बिटलॉकरची तीच की मागू शकेल, हाताशी ठेव. दुकानदाराला स्पष्ट सांग, मला विचारल्याशिवाय फॉरमॅट नाही. तो ‘बॅकअप घेतो की’ म्हणेल. तुझा तू घेतलेला असू दे.

बाबा शनिवारी पुण्याला येतायत. सेंटरच्या कपाटात माझ्याकडे चालू रॅमच्या दोन-तीन पट्ट्या आहेत, त्यांच्याबरोबर पाठवते. फक्त तुझ्या पट्टीवरचं लेबल वाचून डीडीआर ३ आहे की ४, म्हणजे कुठल्या पिढीची रॅम, ते कळव. खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. लेबलचा फोटो पाठवलास तर उत्तम, पण जरा स्थिर हाताने काढ.

तुझी,
आई