परिचारिकेच्या वहीतले संशोधन

संपादक महोदय,

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना उपशामक काळजीची, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या काळजीची, गरज असते. मिळते जेमतेम १४ टक्क्यांना. खेड्यात तर दवाखानाच लांब. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला कुशीवर वळवणे, सुकलेले ओठ ओल्या कापसाने टिपणे, रात्री कळ उठली तर मॉर्फिन हे वेदनाशामक कधी आणि किती द्यायचे हे घरच्यांना पुन्हा पुन्हा समजावणे, हे सारे परिचारिकाच करते. १९६७ मध्ये लंडनला हॉस्पिस (अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारे केंद्र) सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्सही आधी परिचारिकाच होत्या! मग खेड्यातल्या परिचारिकांना संशोधनासाठी वेळ आणि निधी का मिळू नये? शहरी रुग्णालयांसाठी तयार केलेल्या प्रश्नावल्या तिथे पुरत नाहीत. रात्री दोन वाजता बोलवायचे कोणाला, हा तिथला खरा प्रश्न, आणि त्याची नोंद तिच्याच वहीत असते.

– एक वाचक