कोकमावर उभ्या केलेल्या दाव्यांची कागदपत्रे द्या

वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग

प्रति,
कंपनी सचिव व अनुपालन अधिकारी,
नोंदणीकृत कार्यालय, मुंबई

विषय : कोकमापासून औषध बनवण्याबाबत शेअर बाजाराला दिलेल्या माहितीला आधार मिळत नसल्याबद्दल तक्रार

महोदय / महोदया,

मी आपल्या कंपनीचा भागधारक आहे आणि वेंगुर्ले तालुक्यात आमचा आमसूल-आगळाचा घरगुती कारखाना आहे. पत्र दोन्ही नात्यांनी लिहीत आहे, कारण आपण बाजाराला जे सांगितले त्यातला बराचसा भाग आमच्या परसातला आहे आणि तो आम्हाला तपासून पाहता येतो.

आपल्या निवेदनात तीन मुख्य गोष्टी होत्या. कोकमाच्या सालीतील गार्सिनॉल या द्रव्यापासून कर्करोगावरचे औषध तयार होत आहे, त्याच्या मानवी चाचणीचा दुसरा टप्पा सुरू झाला आहे आणि कच्च्या मालासाठी सिंधुदुर्गात संकलन केंद्र उघडले आहे. त्यानंतर शेअरला रोज वरचे सर्किट (एका दिवसात भाव वाढण्याची कमाल मर्यादा) लागत गेले. आमच्या भागातल्या कितीतरी माणसांनी, त्यात निवृत्त एसटी कर्मचारी आहेत, बचत गटातल्या बायका आहेत, केवळ ‘आपल्या कोकमाची कंपनी’ म्हणून पैसे घातले. आता खालचे सर्किट लागते आहे आणि विकायला गेले तर घेणारा नाही.

आधी संकलन केंद्राविषयी बोलतो. ते कुठल्या गावात आहे? रातांबा, म्हणजे कोकमाचे फळ, एप्रिल-मे महिन्यांत पिकतो. झाडाखाली सडा पडतो, तो पावसाच्या आत गोळा करून फोडावा लागतो. एक जोराची सर आली की माल कुजतो. त्या दिवसांत कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले या पट्ट्यात रातांबा कोण घेतो आणि काय दराने घेतो हे प्रत्येक घरात ठाऊक असते, कारण दर किलोमागे दोन रुपयांनी हलला तरी माल दुसऱ्या व्यापाऱ्याकडे वळतो. औषधासाठी साल घेणारी कंपनी अशा हंगामात लपून राहू शकत नाही. मी आमच्या ओळखीच्या कारखानदारांना विचारले, बचत गटांना विचारले, सोलं (वाळवलेली साल) गोळा करणाऱ्या व्यापाऱ्यांना विचारले. आपल्याला माल दिलेला एकही माणूस मला भेटला नाही.

शिवाय आपण घेता ते नेमके काय? आम्ही सालीला मीठ लावून, तिच्याच रसाचे पुट देत ती उन्हात वाळवतो, त्याचे आमसूल होते. औषधाचा अर्क काढायचा तर मीठ लावलेली सोलं चालतात, की बिनमिठाची वाळवलेली साल लागते? बिनमिठाची लागत असेल तर ती कोणाकडून वाळवून घेता? दमट हवेत तिला बुरशी येऊ नये म्हणून काय सोय केली आहे? हे काम खरोखर करणाऱ्याला या प्रश्नांची उत्तरे तोंडपाठ असतात. आपल्या गुंतवणूकदार कक्षाला मी हेच विचारले, तेव्हा ‘माहिती गोपनीय आहे’ असे सांगण्यात आले. केंद्राचा पत्ता कसा गोपनीय असेल?

जैवविविधता कायदा, २००२ नुसार जैविक संसाधन व्यापारी कामासाठी घेणाऱ्या भारतीय कंपनीने राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवायचे असते. महाराष्ट्राचे मंडळ नागपूरला आहे. २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना सवलत दिली आहे, पण त्यासाठी मालाच्या उगमाचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे एक तर मंडळाला दिलेले पत्र आपल्याकडे असेल, नाही तर उगमाचे प्रमाणपत्र. जे असेल त्याची प्रत द्यावी.

आता चाचणीकडे वळतो. कोकमाच्या सालीत गार्सिनॉल असते आणि त्यावर प्रयोगशाळेत पेशींवर व प्राण्यांवर अभ्यास झालेले आहेत, हे खरे आहे. म्हणूनच आपले निवेदन लोकांना पटले. पण प्रयोगशाळेतल्या पेशीवर परिणाम दिसणे आणि रुग्णाला औषध देणे यांत फार मोठे अंतर आहे. नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९ प्रमाणे नवीन औषधाच्या चाचणीला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते, नीतिमत्ता समितीची मान्यता लागते आणि पहिला रुग्ण घेण्यापूर्वी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया येथे नोंद करावी लागते. ही नोंदवही २००७ पासून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संस्थेमार्फत चालते आणि कोणालाही घरबसल्या फुकट पाहता येते. मी ती कंपनीच्या आताच्या नावाने पाहिली, जुन्या नावाने पाहिली, गार्सिनॉल हा शब्द घालूनही पाहिली. आपली एकही नोंद मला मिळाली नाही. नोंद असेल तर तिचा क्रमांक एका ओळीत कळवता येईल. कोणत्या रुग्णालयात चाचणी चालू आहे आणि पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष काय आले, तेही सांगावे. आपल्याकडे प्रत्यक्षात आयुष परवाना किंवा अन्नपूरकाचा परवाना असेल, तर त्याला ‘दुसरा टप्पा’ म्हणणे ही गुंतवणूकदारांची आणि त्याहून अधिक कर्करोगाच्या रुग्णांची फसवणूक आहे. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका बाईंनी हे औषध कुठे मिळेल असे मला विचारले. त्यांच्या यजमानांवर उपचार चालू आहेत. आपल्या एका परिच्छेदाचा असा परिणाम होतो.

आपण पेटंटचाही उल्लेख केला आहे. अर्ज दाखल होणे, तो साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होणे आणि पेटंट मिळणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. आपण कोणत्या पायरीवर आहात हे निवेदनात लिहिलेलेच नाही. अर्ज क्रमांक द्यावा.

पैशांचे प्रकरण मला सर्वांत गंभीर वाटते. आपली कंपनी काही वर्षांपूर्वी कापडाचा व्यापार करत होती, मग नावात ‘बायोटेक’ आले. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या २०१५ च्या लिस्टिंग नियमांतील नियम ४५ असा की, नव्या नावाने सुचवलेल्या धंद्यातून मागील वर्षाचे किमान ५० टक्के उत्पन्न आलेले असावे, किंवा त्या धंद्यात मालमत्तेच्या किमान ५० टक्के रक्कम गुंतवलेली असावी. आपल्या निकालपत्रात आजही जवळजवळ सगळे उत्पन्न कापडाचे आहे आणि संशोधनावरचा खर्च नाममात्र आहे. मानवी चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात असलेल्या कंपनीचा संशोधन खर्च इतका कमी कसा? नाव बदलताना सनदी लेखापालाने दिलेले प्रमाणपत्र मला पाहायचे आहे.

चाचणीच्या निवेदनाआधी आपण प्रवर्तकांखेरीज काही मंडळींना प्राधान्याने शेअर वाटले होते. अशा वाटपातल्या शेअरना सहा महिन्यांचा लॉक-इन असतो, म्हणजे तोवर ते विकता येत नाहीत. तो सुटण्याच्या सुमारास दुसऱ्या टप्प्याचे निवेदन आले, आणि पुढच्या तिमाहीच्या भागधारणा पत्रकात त्याच मंडळींची नावे गायब झाली, लहान भागधारकांची संख्या मात्र फुगली. ज्यांनी विकले ते नफ्यात गेले आणि शेअर आमच्या गळ्यात आले. मधल्या काळात यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर शेअरची जाहिरात चालू होती. मार्च २०२३ मध्ये सेबीने साधना ब्रॉडकास्ट आणि शार्पलाइन ब्रॉडकास्ट या शेअरच्या बाबतीत यूट्यूबवरच्या अशाच प्रचारावरून आदेश काढले होते, म्हणून हा संशय मी सहज घेत नाही. शेअर बाजाराने भाववाढीचे कारण विचारल्यावर आपण ‘जाहीर न केलेली कोणतीही माहिती नाही’ एवढेच उत्तर दिले. प्रचाराशी कंपनीचा किंवा प्रवर्तकांचा संबंध आहे की नाही, हे लेखी हवे.

मध्येच लेखापरीक्षक सोडून गेले. कारण दिले ‘इतर कामांची व्यग्रता’. लेखापरीक्षकाच्या राजीनाम्याची सविस्तर कारणे बाजाराला कळवायची असतात, तेव्हा त्यांचे संपूर्ण पत्र प्रसिद्ध करावे.

वार्षिक सभेत बोलण्यासाठी मी रीतसर नाव नोंदवले होते. दूरदृश्य सभेत माझे नाव पुकारले गेले, मी बोलू लागलो आणि संकलन केंद्राचे नाव काढताच माझा आवाज बंद करण्यात आला. पुढच्या वक्त्याने अध्यक्षांचे अभिनंदन केले. सभेच्या इतिवृत्तात माझा प्रश्न नोंदवला आहे का? कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ११९ प्रमाणे इतिवृत्त पाहण्याचा आणि त्याची प्रत मागण्याचा मला अधिकार आहे. ही मागणी त्याच कलमाखाली समजावी.

कोकमावर खरे संशोधन व्हावे असे आम्हाला मनापासून वाटते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’सारखी जात दिली, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले. या फळाचे नाव आता कुठे बाहेर पोहोचते आहे. उद्या एखादी प्रामाणिक कंपनी साल घ्यायला आली तर आपल्यामुळे तिला दारातूनच परत पाठवतील, याची मला भीती वाटते.

वर मागितलेली कागदपत्रे आणि प्रत्येक मुद्द्यावरचे लेखी उत्तर मला मिळावे. हे पत्र आपल्या भागधारक संबंध समितीपुढेही ठेवावे. याच मजकुराची तक्रार मी सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर आज दाखल केली आहे, तिला २१ दिवसांत उत्तर देणे आपल्यावर बंधनकारक आहे. उत्तर मोघम आले तर तिथे पुनर्विलोकन मागेन आणि नंतर ऑनलाइन विवाद निवारणाकडे जाईन. गावातले इतर भागधारकही आपापल्या नावाने तक्रारी करत आहेत.

आपला,
एक भागधारक

सोबत : डीमॅट धारणेचे विवरण, आपल्या निवेदनाची प्रत, दोन तिमाहींची भागधारणा पत्रके, वार्षिक सभेत वक्ता म्हणून नोंदणी केल्याची पोच