नवी नोकरी लवकर सोडताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरीवर रुजू होऊन दोन-तीन महिने होतात न होतात तोच दुसरीकडून अधिक पगाराचे किंवा शिक्षणाला जास्त साजेसे बोलावणे येते. अशा वेळी घरची मंडळी म्हणतात, इतक्या लवकर सोडलीस तर नाव खराब होईल. मित्र म्हणतात, उद्यापासून जाऊच नकोस, फोन बंद ठेव. यातला दुसरा सल्ला फार घातक आहे. कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांत काम करणाऱ्या आम्हा काही जणांना त्याविषयी तपशिलाने लिहावेसे वाटते, म्हणून हे पत्र.

आधी स्पष्ट सांगतो, चांगली संधी आल्यावर नोकरी सोडण्यात गैर काहीच नाही. प्रोबेशनचा काळ दोन्ही बाजूंनी एकमेकांना पारखण्यासाठीच असतो. आणि सोडायचीच असेल तर लवकर सांगितलेले कंपनीलाही बरे पडते. पहिल्या काही आठवड्यांत प्रतीक्षा यादीतला उमेदवार अजून हाताशी असतो. प्रशिक्षण पूर्ण होऊन काम अंगावर घेतल्यानंतर सोडले, तर भरती पहिल्यापासून करावी लागते.

मात्र फोनवरच्या होकारावर राजीनामा देऊ नये. पगाराची फोड आणि रुजू होण्याची तारीख असलेले सहीचे ऑफर लेटर हाती येऊ द्या. आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार असलेल्या एकूण खर्चाचा, पाहू नका, दरमहा हातात किती पडणार ते पाहा. सीटीसीत कंपनीचा पीएफचा वाटा असतो आणि बहुधा मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटीही, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणारी रक्कमही, धरलेली असते. कायम कर्मचाऱ्याला ती सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या सेवेनंतरच मिळते. वर्षाच्या आत सोडणाऱ्याने ती रक्कम हिशेबातून वगळूनच दोन नोकऱ्यांची तुलना करावी.

मग सध्याचे नेमणूकपत्र काढा आणि नोटिशीचे कलम शांतपणे वाचा. प्रोबेशनमधली मुदत आणि कायम झाल्यानंतरची मुदत बहुतेक ठिकाणी वेगळी असते. मुदत पूर्ण करण्याऐवजी पैसे भरून सुटका होते का, आणि ते कर्मचाऱ्याच्या इच्छेवर आहे की कंपनीच्या, हे तिथेच लिहिलेले असते. हे पैसे मूळ वेतनावर मोजायचे की एकूण पगारावर, यानेही मोठा फरक पडतो. एकूण पगार ५०,००० आणि मूळ वेतन २५,००० असेल आणि नोटिशीचे १५ दिवस कमी पडत असतील, तर पहिल्या हिशेबाने १२,५०० रुपये भरावे लागतात, दुसऱ्याने २५,०००. या वसुलीवर कोणी १८ टक्के जीएसटी लावला तर हरकत घ्या. नोटिशीच्या पैशांवर जीएसटी लागत नाही, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात केला आहे. नवी कंपनी ही रक्कम भरून देणार असेल, तर तसे लेखी घ्या.

जॉइनिंग बोनसमध्ये अनेकांची फसगत होते. वर्षाच्या आत सोडल्यास तो परत द्यायचा, ही नेहमीची अट. पण कर कापून हातात पडलेले असतात समजा ८०,००० आणि कंपनी मागते पूर्ण एक लाख. सोडणे त्याच आर्थिक वर्षात झाले, तर वेतन विभागाला ती रक्कम उत्पन्नातून वजा करून कराचा हिशेब सुधारता येतो. मार्च उलटला की तेच काम फार किचकट होते. म्हणून शेवटचा दिवस ठरवताना ३१ मार्चकडे लक्ष असू द्या.

ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही, असे लिहून घेणारे बॉण्ड कोर्टात टिकत नाहीत, असे सर्रास बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. कोणालाही जबरदस्तीने नोकरीत ठेवता येत नाही, आणि नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करण्यावर घातलेली बंदी भारतीय करार कायद्याच्या कलम २७पुढे सहसा टिकत नाही. पण ठरावीक काळ नोकरी करण्याची आणि आधी सोडल्यास वाजवी भरपाई देण्याची अट वेगळी. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची किमान सेवा आणि ती मोडल्यास दोन लाख रुपये, ही अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये वैध ठरवली. त्या प्रकरणातला अधिकारीही दुसऱ्या बँकेत जाण्यासाठीच बाहेर पडला होता. ती सार्वजनिक क्षेत्रातली बँक होती आणि भरतीचा खर्च हा मुद्दा तिथे महत्त्वाचा ठरला. खासगी कंपनीने प्रशिक्षणावर प्रत्यक्षात किती खर्च केला, हे विचारण्याचा हक्क कर्मचाऱ्याला आहेच, पण सही करताना बॉण्डकडे दुर्लक्ष करू नये. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत.

राजीनाम्याच्या दिवशी आधी वरिष्ठांना समक्ष सांगा आणि त्याच दिवशी ई-मेल करा. राजीनाम्याची तारीख, नोटिशीनुसार येणारा शेवटचा दिवस आणि कारणाची एक ओळ पुरे. तक्रारींचा पाढा तिथे नको. कार्यालयीन खाते बंद होण्याआधी पगाराच्या सगळ्या पावत्या उतरवून घ्या. लॅपटॉप परत देताना त्याच्या क्रमांकासह पोच घ्या, कारण अंतिम हिशेबात वाद बहुधा तिथेच निघतो. समूह आरोग्य विमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो, त्यामुळे दोन नोकऱ्यांमध्ये खंड असेल तर स्वतःची पॉलिसी हवी.

न सांगता गायब होणाऱ्याचे खरे हाल पीएफमध्ये होतात. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, सगळ्या नोकऱ्यांसाठी एकच असल्याने दोन महिन्यांची नोकरीही सेवेच्या नोंदीत दिसते. बायोडेटात ती लपवली आणि पडताळणीत उघड झाली, तर खोटी माहिती दिल्याच्या कारणाने नवी नोकरी जाऊ शकते. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली नाही तर पीएफचे हस्तांतर अडते. तारखा एकमेकींवर चढल्या तर एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्यासारखे दिसते. म्हणून नव्या ठिकाणी रुजू होण्याची तारीख जुन्या शेवटच्या दिवसानंतरचीच असावी. कंपनी दाद देत नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पीएफच्या संकेतस्थळावर आधारच्या ओटीपीने ही तारीख स्वतः भरता येते. पैसे काढून न घेता हस्तांतरच करा. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो.

नव्या कंपनीला जुना पगार आणि त्यावर कापलेला कर कळवायला विसरू नका. नाही तर दोन्हीकडे प्रमाणित वजावट आणि करमुक्त मर्यादा धरली जाते, कर कमी कापला जातो आणि विवरणपत्र भरताना फरक व्याजासकट एकदम अंगावर येतो.

कंपन्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. प्रोबेशनवरच्या मुलाला ९० दिवसांची नोटीस आणि स्वतःला सात दिवसांची, हा करार बरोबरीचा नाही. मुले पळून जाण्याचे ते एक मोठे कारण आहे. आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा देऊन गेलेल्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे आहे. ४५ दिवस थांबा, हे उत्तर आता चालणारे नाही. कार्यमुक्तीचे पत्र आणि पीएफमधली सोडल्याची तारीख याच दोन दिवसांत उरकण्याची पद्धत प्रत्येक मनुष्यबळ विभागाने घालून घ्यावी.

आपले,
मनुष्यबळ विभागांत काम करणारे काही वाचक, पुणे