परसातला एक कोपरा ठेवा

कॅलगरी, जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

आई, तू दिलेली वाकळ सध्या अंथरुणात नाही, हॉलमध्ये आहे. तिची तटबंदी झालीय.

इथं आठवडाभर पारा उणे २५ च्या आसपास आहे आणि पाच-सव्वापाचलाच अंधार पडतो. चार वर्षांच्या पोरीला घरात किती कोंडून ठेवायचं? शनिवारी जेवणाच्या खुर्च्या ओढल्या, त्यांच्यावर पांघरुणं टाकली आणि छकुलीला म्हटलं, हा आपला किल्ला.

पहिला किल्ला दहा मिनिटंसुद्धा टिकला नाही. मी वाकळच छपराला घातली होती. तिच्यात तुझ्या जुन्या साड्यांचे थरावर थर. मधे झोळ आला आणि सगळं छकुलीच्या अंगावर. "आज्जीचा किल्ला मोडला" म्हणून इतकी रडली की माझ्याच पोटात कालवलं. मग डोकं चाललं. जड असेल ते भिंतीला, हलकं ते छपराला. आता दोन दारांच्या मुठींना दोरी बांधून तिच्यावर आजीचं सुती लुगडं टाकलंय, आपल्या शहापूरच्या मागावरचं, डाळिंबी. नऊवारी असल्यानं दोन्ही बाजूंना भरपूर उतरतं. खुर्च्यांची पाठ आत आणि बैठक बाहेर ठेवायची, लुगड्याची कड पाठीवरून बैठकीवर आणायची, वर पुस्तकं ठेवायची. पुस्तकं घसरली तरी बाहेर पडतात, पोरीच्या डोक्यात नाही. हीटरपासून सगळं चांगलं लांब, आणि आत बॅटरीच, पणती-मेणबत्ती नाही. आई, तू काळजी करशील म्हणून हे मुद्दाम लिहितोय. बॅटरी लावली की आत सगळं लालसर होतं, आणि लुगड्याला अजून तुझ्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास आहे.

बाबा, दार मात्र तुमच्या शिकवणीचं. येळ्ळूरच्या राजहंसगडावर नेलं होतं तेव्हा रायगडाच्या महादरवाजाबद्दल सांगितलं होतं तुम्ही: दार समोर दिसत नाही, दोन बुरुजांच्या आड वळून जावं लागतं, म्हणजे शत्रूला सरळ चाल करून येता येत नाही आणि दोन्हीकडून मारा करता येतो. तेच केलं. उशांचे दोन बुरूज आणि त्यांच्यामधून वाकडी वाट. छकुली रांगत आत जाते आणि आतून ओरडते, "बाबा, तू मावळा की शत्रू?" बुरूज, मावळा, तट हे शब्द तिला आठवडाभरात आले. मी दोन वर्षं पुस्तकातून मराठी शिकवतोय, तेवढ्यानं आले नव्हते.

काल आत पडल्या पडल्या तिनं विचारलं, तू लहानपणी कुठली चादर घ्यायचास? मी म्हटलं, आमचा किल्ला मातीचा. मग सगळं सांगत बसलो. सहामाही परीक्षा संपली की परसात दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेली पोती, वरून लाल मातीचा हात, मग अळीव पेरायचं आणि रोज सकाळी उठून कोंब आले का बघायचं. ताई मावळे मांडायची आणि मला हात लावू द्यायची नाही. शेजारच्या गल्लीत कुणी पन्हाळा केला, कुणी राजगड, हे बघत रात्री उशिरापर्यंत हिंडायचो. छकुलीनं एकच विचारलं, "ती माती अजून आहे?"

बाबा, म्हणूनच हे पत्र. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, पावसाळ्याआधी परसात सगळीकडं फरशी घालून घेतो, आईचा पाय चिखलात घसरतो. फरशी घालाच. विहिरीपासून मागच्या दारापर्यंत तर आधी घाला. पण पेरूच्या झाडाखालचा कोपरा मातीचाच राहू दे. सहा फूट बाय सहा फूट पुरे. गवंड्याला आधीच सांगा, नाहीतर तो सरसकट घालून मोकळा होईल. आणि आई, तांदळाची पोती टाकू नकोस, दोन-तीन ठेव.

यंदा दिवाळीच्या दहा दिवस आधी येतोय, म्हणजे अळीव उगवायला वेळ मिळेल. ताई गडहिंग्लजहून आली की तिला हे वाचून दाखव. मावळे छकुली मांडणार आहे, हे तिला आत्ताच सांगून ठेव.

तुमचा,
बाळू