बोअरचं पाणी: रविवारी सॅम्पल घेणार, प्लीज वाचा

सर्व मेंबर्सना नमस्कार, मागच्या भिंतीपलीकडे जो जुना पेट्रोल पंप होता त्याची जमिनीखालची टाकी काढली असली तरी आजूबाजूची माती तपासलेली नाही, आणि आपल्या बोअरच्या पाण्याला पेट्रोलसारखा वास येतोय म्हणून रविवारी सकाळी लॅबवाले येणार आहेत. शनिवारी रात्री दहानंतर बोअरचा पंप कुणीही चालू करू नका, पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असल्याने वर तरंगतं आणि पाणी स्थिर असलं तरच तो थर मोजता येतो. सॅम्पल 40 मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरतात, हवेचा एक बुडबुडासुद्धा राहू देत नाहीत, कारण पेट्रोलमधलं बेंझीन हे विषारी रसायन लगेच उडून जातं, त्यामुळे घरच्या प्लास्टिक बाटलीत भरून आणू नका.

बेंझीनमुळे ब्लड कॅन्सर होऊ शकतो, डब्ल्यूएचओची मर्यादा लिटरला फक्त 10 मायक्रोग्रॅम आहे, म्हणून रिपोर्ट येईपर्यंत हे पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला नको, आंघोळीलाही नको, आणि उकळलं की चालेल असं समजू नका, वाफेतून ते घरातच पसरतं. वास कमी झाला म्हणून पाणी चांगलं झालं असंही नाही.

आपल्याकडे काळा पाषाण, पाणी भेगांमधून कुठेही जातं, त्यामुळे शेजारच्या बिल्डिंगच्या बोअरचंही सॅम्पल घ्यायचंय, तिथे कुणाची ओळख असेल तर आजच सेक्रेटरींना कळवा.