पाटे बसवणाऱ्या मिस्त्रीकाकांना अनावृत पत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी चारचौघांत लिहीत आहे, कारण तोंडावर आभार मानू लागले की तुम्ही हातातला पाना पुसत विषय बदलता. शिवाय जुनी गाडी जिवापाड जपणारी माणसे आपल्या विदर्भात गावोगावी आहेत. अमरावती-नागपूर महामार्गाच्या कडेला, जिथे संत्र्याचे आणि कापसाचे ट्रक तुटलेले पाटे (चाकांवरच्या कमानदार पोलादी स्प्रिंगा) बदलायला थांबतात, तिथे तुमच्यासारखा कारागीर बसतो हे त्यांनाही कळावे असे मला वाटते. तुमचा नातू हे तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवील, अशी आशा आहे.

गाडी कोणती, हे वाचणाऱ्यांसाठी आधी सांगते. बाबांची गाडी १९६७ सालची एमजीबी आहे; दोनच माणसांची, उघड्या टपाची, तारांच्या चाकांची. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या, पण वरूड तालुक्यातल्या आमच्या पंचक्रोशीत ही एकच. बाबांनी ती नागपुरात नोकरीला असताना एका निवृत्त साहेबांकडून घेतली आणि नोकरी संपल्यावर तिच्यासह गावी परतले. इंजिनाने त्यांना कधी फारसे अडवले नाही. तिचे १७९८ सीसीचे इंजिन आपल्या जुन्या अँबॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाच्याच घराण्यातले, त्यामुळे तालुक्याच्या मिस्त्रींनाही त्यातले पुष्कळसे ओळखीचे वाटत असे. अडले ते मागच्या बाजूला. आमचे रस्ते काळ्या मातीवरचे. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे डांबर तिच्यासोबत वरखाली होते. वर्षानुवर्षे त्या रस्त्यांवर चालून मागचे पाटे दबले, त्यांची कमान जवळजवळ सपाट झाली आणि गाडी चालकाच्या बाजूला कलली. शॉकमधले, म्हणजे धक्के शोषून घेणाऱ्या भागातले, तेलही गळून गेले होते. त्यामुळे एखाद्या उंचवट्यावरून गाडी गेली की मागची बाजू खाली बसे, वर येई, पुन्हा खाली बसे आणि हे थांबायला बराच वेळ लागे.

तुमच्याकडे येण्यापूर्वी आम्ही एका मोठ्या शहरातील नावाजलेल्या गॅरेजमध्ये गेलो होतो. त्यांचे नाव मी येथे लिहिणार नाही. पण तिथे जे घडले ते सांगितल्याशिवाय तुमच्या कामाची थोरवी कळायची नाही. एमजीबीला मागे नळीचे शॉक नसतात. चौकडीला (गाडीच्या सांगाड्याला) पक्का बसवलेला तेलाचा ठोकळा आणि त्यातून निघालेली, ॲक्सलला (चाकांच्या आसाला) जोडलेली दांडी, अशी आर्मस्ट्राँग कंपनीच्या जुन्या शॉकची रचना असते. ती त्यांनी पाहिली आणि हे म्युझियममधले सामान आहे, फेकून द्या, असे सांगितले. मग दुसऱ्याच एका गाडीचे नळीचे शॉक आणले, ते बसवण्यासाठी बाबांच्या गाडीला अंदाजाने पट्ट्या वेल्ड केल्या आणि दबलेल्या पाट्यांखाली मालवाहू गाडीचा एकेक जाड पाटा सरकवून दिला. नळीचे शॉक मुळातच वाईट, असे माझे म्हणणे नाही. इंग्लंडमध्येही पुष्कळ लोक एमजीबीला ते बसवतात आणि त्यासाठी मापाच्या पट्ट्याही मिळतात. इथे मात्र माप कोणी घेतलेच नव्हते. गाडी मागून उंच आणि दगडासारखी कडक झाली, प्रत्येक खड्डा थेट बाबांच्या मणक्यात जाऊ लागला. मी तक्रार घेऊन गेले, तेव्हा गॅरेजच्या मालकांनी गाडीखाली एकदाही वाकून पाहिले नाही. बाबा शेजारी उभे असताना ते मला म्हणाले, "या वयात त्यांना कुठे गाडी चालवायची आहे? शोभेला ठेवा ना घरी."

त्या दिवसापासून बाबांनी गाडीचा विषय काढणे सोडले. गाडी गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. मी मात्र हट्टाने इंग्लंडहून मापाचे नवे पाटे, त्यांच्या टोकांत बसणारे रबरी बुश आणि दुरुस्त केलेले मूळ पद्धतीचे शॉक मागवले. खोके घरी आले. ते बसवील असा माणूस शोधताना संत्री भरायला आलेल्या एका ट्रकचालकाने तुमचा पत्ता दिला आणि एवढेच सांगितले, "ताई, त्यायच्याकडे गर्दी असते, पन ते घाई करत नाईत."

तुम्ही खरोखरच घाई केली नाही. किती खर्च येईल हे विचारण्याच्या आतच तुम्ही जमिनीवर पोते अंथरून गाडीखाली शिरलात आणि बराच वेळ नुसते पाहत राहिलात. मग मला खाली वाकायला सांगून बॅटरीच्या उजेडात ॲक्सलच्या वरच्या बाजूला एक रिकामी खुंटी दाखवलीत. "ताई, इथं पट्टा होता. कोनं तरी कापला," असे तुम्ही म्हणालात. खड्ड्यातून चाक सुटून खाली लोंबू नये म्हणून एमजीबीच्या ॲक्सलला दोन्ही बाजूंनी पट्टे असतात. शहरातल्या लोकांनी आड येतात म्हणून ते कापून टाकले होते आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. ही गाडी तुम्ही पूर्वी कधी पाहिलेली नव्हती. तरी एका खुंटीवरच्या घासलेल्या चकाकीवरून तिथे काय होते हे तुम्ही ओळखलेत. नवे शॉक चौकडीला लावण्याआधी तुम्ही एकेक शॉक शिकंज्यात उभा धरलात आणि त्याची दांडी वरखाली करत राहिलात. आतली हवा निघून दांडीला दोन्हीकडे सारखा जोर लागू लागेपर्यंत तुमचा हात थांबला नाही. मलाही दांडी धरून पाहायला लावलीत. आजवर कुठल्याही गॅरेजमध्ये कोणी माझ्या हातात काही दिले नव्हते.

गंजून बुशात अडकलेले बोल्ट, वेल्डिंग कापून जागा पूर्ववत करणे, हे सगळे तुम्ही कसे केले त्याचे वर्णन मी करीत नाही. ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसले, ती नंतर घडली.

नवे पाटे चढले, चाके लागली, जॅक निघाला आणि गाडी जमिनीवर उतरली. पाट्यांच्या दोन्ही टोकांचे बोल्ट मात्र तुम्ही सैलच ठेवले होते. मी विचारले, तेव्हा तुम्ही जुन्या पाट्यांतून निघालेले बुश माझ्यासमोर धरलेत. त्यांचे रबर एकाच अंगाने पिळवटून फाटले होते. गाडी हवेत लटकत असताना बोल्ट आवळले की रबर तिथेच चावले जाते आणि गाडी खाली आली की जन्मभर पिळलेलेच राहते, म्हणून बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच, असे तुम्ही समजावून सांगितलेत. मग विचारलेत, "गाडी कोन चालवते?"

मी म्हटले, बाबा चालवायचे.

तुम्ही कापडाला हात पुसलेत आणि कडुनिंबाखाली खुर्चीवर बसलेल्या बाबांकडे गेलात. "बाबूजी, तुमी गाडीत बसल्याबिगर मले बोल्ट आवळता येत नाई. वजन तुमचंच पायजे," असे म्हणालात. बाबांनी गुडघ्यांकडे बोट दाखवले. गाडी बुटकी, तिच्यात उतरायचे म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसण्यासारखेच. तुम्ही सीट मागे सरकवली, दाराच्या उंबऱ्यावर धुतलेले कापड घातले, बाबांना काखेत हात घालून आधी बसवले आणि मग त्यांचे पाय एकेक करून आत घेतले. मी मदतीला पुढे झाले, तेव्हा तुम्ही मानेनेच मला थांबवलेत. नंतर मागच्या बाजूवर जोर देऊन गाडी नीट बसू दिली आणि पुन्हा पोत्यावर आडवे झालात. गाडीखालून तुमचा आवाज आला, "बाबूजी, हलू नोका हं."

आणि बाबा हलले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, ताठ बसून, ते एखाद्या जबाबदारीच्या कामावर असल्यासारखे समोर पाहत होते. एक बोल्ट झाला की तुम्ही खालून सांगत होता आणि ते वरून "हो" म्हणत होते. दुसऱ्या बाजूला जाताना तुम्ही थांबलात, तर त्यांनीच विचारले, "शॅकलचा वरचा राहिला का?" शॅकलचा, म्हणजे पाट्याचे टोक गाडीला जोडणाऱ्या कडीचा, वरचा बोल्ट खरोखरच राहिला होता. किती दिवसांनी बाबा गाडीविषयी बोलले, हे तुम्हाला माहीत असण्याचे काही कारण नव्हते.

काका, वजनच हवे असते तर तुमच्या हाताखालचा मुलगा बसला असता, मी बसले असते, सीटवर ढेपेचे पोते ठेवूनही भागले असते. हे मला तेव्हाच कळत होते आणि बाबांनाही कळत असणार. ते आयुष्यभर यंत्रांच्या सहवासात राहिलेले गृहस्थ आहेत. तरीही तुम्ही त्यांच्याकडे कामाचा माणूस म्हणून गेलात. दया दाखवली असती तर बाबांनी ती नाकारली असती, तेवढे ते मानी आहेत. तुम्ही त्यांना त्यांची जागा परत दिलीत आणि तीही कामाच्या नियमात बसवून, की कोणालाही संकोच वाटू नये. शोभेला ठेवा, असे ज्यांनी सांगितले ते काही दुष्ट लोक नव्हते. त्यांच्याकडे चकचकीत लिफ्ट होती, संगणकावरचे बिल होते, थंड खोलीत चहाही मिळाला. त्यांनी गाडीच्या मालकाकडे एकदा नीट पाहिले असते तर त्यांनाही सुचले असते. चांगुलपणाला निराळा वेळ काढावा लागतो असे आपण समजतो. तुमच्याकडे तो कामातच मुरलेला आहे, बोल्ट कधी आवळायचा हे जसे तुमच्या हाताला ठाऊक आहे तसाच. खोके ओट्यापर्यंत उचलून आणणारा टपालवाला आणि भर तोडीच्या दिवसांत थांबून तुमचा पत्ता समजावणारा तो ट्रकचालक, हीही तुमच्याच जातकुळीची माणसे, आणि मी त्यांचीही ऋणी आहे.

मजुरीबद्दल लिहायलाच हवे. तुम्ही ती ठरली तेवढी, पूर्ण घेतलीत. एक रुपया कमी नाही, एक जास्त नाही. मला ते फार आवडले. तुमच्या कामाचे मोल तुम्हालाच ठाऊक आहे आणि त्यावर उपकाराचा रंग चढवणे तुम्हाला मान्य नाही.

गाडी आता दोन्ही बाजूंनी सारख्या उंचीवर उभी आहे. चाकावरच्या कमानीपासून जमिनीपर्यंत बाबांनी स्वतः टेप लावून पाहिले. मोर्शीकडच्या रस्त्यावरच्या उंचवट्यांवरून ती जाते, एकदा बसते, एकदा उठते आणि शांत होते. बाबा चालवतात आणि मी शेजारी बसते. अजून ते गावाबाहेर फार दूर नेत नाहीत, पण संध्याकाळी ताडपत्री काढायला त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

थोडी चालली की पाटे ॲक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट पुन्हा आवळायला गाडी आणा, असे तुम्ही बजावले होते, म्हणून येत्या आठवड्यात आम्ही येत आहोत. आंबिया बहाराची तोड सुरू आहे, तेव्हा तुमच्या घरासाठी संत्री घेऊन येऊ आणि त्याला तुम्ही नाही म्हणू नये. बाबांनी आणखी एक निरोप दिला आहे: शॉकमधले तेल पुढे ते स्वतः पाहणार आहेत, तेव्हा झाकणी कशी उघडायची आणि तेल कुठवर भरायचे, हे तुम्ही त्यांना एकदा दाखवून द्यावे.

आपली कृतज्ञ,
वरूड तालुक्यातील एक शेतकरी कन्या